पहिला रकाना

हल्ली मला कार्यशाळांना बोलावतात. संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा, हे मी तरुण डॉक्टरांना दीड तासात शिकवतो. ‘मधुमेहाच्या रुग्णांना आहाराचा फायदा होतो का’ असं कोणी फळ्यावर लिहिलं की मी ते पुसतो आणि विचारतो, कोणता मधुमेह, किती वयाचा माणूस, कोणता आहार, कशापेक्षा फायदा, आणि फायदा म्हणजे साखर उतरली की पाय वाचला? पोरं हसतात, वहीत लिहून घेतात. चहाच्या वेळी एखादी मुलगी येऊन विचारते, सर, हे तुम्ही कोणाकडून शिकलात? मी तिला माझ्या सरांबद्दल सांगतो. तेल्हाऱ्याकडच्या त्या बाईबद्दल सांगत नाही. ते इथं सांगतो.

मी अमरावतीचा. मेडिसिनच्या एमडीसाठी अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यात लागलो तेव्हा कापसाची वाईट वर्षं चालू होती. आमच्या वॉर्डात भिंतीलगतचे पलंग विषाच्या रुग्णांचेच झाले होते. पेपरवाले येत, पुढारी येत, फोटो काढून जात. आम्ही निवासी डॉक्टर त्या रुग्णांना आपसात ‘बाटली’ म्हणायचो. सकाळी एकमेकांना विचारायचो, रात्री किती बाटल्या आल्या? त्यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट असं बोलता आलं म्हणजे आपण पक्के झालो, असं वाटायचं.

माझे मार्गदर्शक सर जठारपेठेत राहायचे आणि सातच्या ठोक्याला राउंडला हजर असायचे. परिषदेत छापील मराठी बोलणारा हा माणूस चिडला की सरळ गावच्या बोलीत उतरायचा. प्रबंधासाठी मी पहिला विषय नेला, ‘विषबाधेच्या रुग्णांमध्ये अ‍ॅट्रोपिनची भूमिका’. हे औषध म्हणजे कीटकनाशकाच्या विषावरचा नेहमीचा उतारा. सरांनी तो विषय सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

“भूमिका नाटकात असते बावा,” ते म्हणाले. “कोनाले देल्लं? काय देल्लं? कशाच्या बदल्यात देल्लं? अन् झालं काय? हे चार रकाने पाड, मंग ये माह्याजवळ.”

पुढचे दोन महिने त्यांनी माझी सालटी काढली. मी जुन्या केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर चार रकाने पाडून नेत असे आणि ते पहिल्याच रकान्यावर अडत. ‘रुग्ण’ असं लिहिलं तर म्हणत, रुग्ण म्हंजे कोन, तुया आजा? ‘विषबाधा झालेले’ लिहिलं तर विचारत, साप चावलेला घेतं काय त्याच्यात? एकदा त्यांनी माझा कागद वॉर्डबॉयला वाचायला दिला आणि त्याला काही कळतंय का विचारलं. तो बिचारा कागद हातात धरून माझ्याकडे बघू लागला. “पाह्य,” सर म्हणाले, “यालेही समजून नाही राह्यलं.” मला त्या दिवशी रडू आलं. आज मी शिकवतो त्यातलं निम्मं त्या दोन महिन्यांतलं आहे, हेही खरंच.

सगळ्यात जास्त त्यांनी मला एका फरकावर रगडलं. कपाशीवर फवारताना अंगावाटे विष गेलेले आणि विष प्यालेले, हे दोन्ही माझ्या रकान्यात एकत्र होते. सरांनी पेन्सिलीनं मध्ये उभी रेघ मारली. “फवारतांनी घामासंगं थोडं थोडं जाते. पेल्यावर एका दमात जाते. दोघाइले एका दावनीले बांधशीन त उत्तर कोनाचं निघन? पहिला रकाना सैल ठेवला की बाकीच्याइचं काही खरं नाही.” मी मान हलवली. मला ते तेव्हाच पुरतं समजलं होतं. पुढं मी जे केलं ते न समजल्यामुळं केलं, असं म्हणायची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

शेवटी प्रश्न असा ठरला. कीटकनाशक स्वतःहून प्यालेल्या मोठ्या माणसांना अ‍ॅट्रोपिन थोड्या थोड्या वेळानं सुईनं देण्याऐवजी सलाईनमधून सलग दिलं, तर त्यांना श्वासाची मशीन कमी दिवस लागते का? सरांनी तो तीनदा वाचला आणि सही केली. मी कँटीनमध्ये जाऊन सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले.

मग मी फवारणीच्या दिवसांची वाट पाहू लागलो. हे वाक्य वाचायला कसं वाटतं ते मला माहीत आहे, पण ते तसंच होतं. लोक पोळ्याची वाट पाहत होते आणि मी माझा आकडा भरण्याची. दोन हंगाम गेले. दुसरा संपत आला तेव्हा ठरलेल्या संख्येला एक माणूस कमी पडत होता. तो मिळाला नाही तर प्रबंध पुढच्या हंगामावर जाणार, आणि परीक्षाही. माझ्यासोबतचे पुढं निघून जातील आणि मी वॉर्डात त्याच पलंगांपाशी उभा राहीन, या विचारानं मला झोप येत नव्हती.

ती आली भर दुपारी, तेल्हाऱ्याकडच्या एका गावातून, जीपच्या मागच्या सीटवर आडवी. सोबत तिचा दीर होता. तिशीची असेल. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, सगळं अंग घामानं आणि आणखी कशानं तरी भिजलेलं. दीर एवढंच म्हणाला की वावरात पडलेली सापडली. खाली अपघात विभागात बसलेल्या डॉक्टरनं पुढं काही विचारलंच नाही. त्या वर्षांत वास आला की हात आपोआप एकच शब्द लिहायचा, ‘विषप्राशन’. तो कागद वर माझ्याकडे आला आणि मला मनातून आनंद झाला. तो लपवायला मी लगेच आरडाओरडा सुरू केला, नळी आणा, पाणी आणा.

नळी घालून मी तिचं पोट धुतलं. आलेलं पाणी नाकाशी नेलं आणि फॉर्मवर लिहिलं, ‘कीटकनाशकाचा वास येतो’. आमच्या वॉर्डच्या सिस्टर तेव्हा माझ्या बाजूला होत्या. त्या अकोल्याच्याच, मुसलमान, घरी उर्दू आणि वॉर्डात वऱ्हाडी बोलणाऱ्या, माझ्या आईच्या वयाच्या.

“साहेब, वास त लुगड्याले येऊन राह्यला,” त्या म्हणाल्या. “लुगडं बदलू द्या, मंग पाह्यजा पानी.”

“तुम्ही डॉक्टर आहात का?” मी विचारलं. कोणाला सुई आणि कोणाला सलाईन हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची; तिची उघडली तर सलग सलाईन निघाली, आम्हाला सरस ठरायला हवी होती ती बाजू. मी ती लावली.

हा उतारा चढला की माणूस बरळतो. दोन दिवस ती डोळे उघडे ठेवून हवेतला कापूस वेचत होती, बोटांनी एकेक बोंड मोकळं करून पोटावर ठेवत होती. मशीन लागली नाही. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली, पाणी मागितलं आणि माझ्या प्रबंधाला तिची संमती म्हणून मी पुढं केलेल्या कागदावर अंगठा नाही, सही केली. सातवी शिकलेली होती. सही करता करता तिनं वरची ओळ वाचली.

“हे काहून लिवलं जी?” ती म्हणाली. “मी पेली नाही.”

असं सगळेच म्हणतात, हे मला ठाऊक होतं. घराची अब्रू, पोलिसांची भीती. मी म्हटलं, बरं, बरं. पण ती बरं-बरंवर थांबणारी नव्हती. दीर चहाला गेल्याचं पाहून ती उठून बसली आणि हळू आवाजात सांगू लागली. नवरा फवारत होता. ती ड्रमात औषध कालवत होती, काठी आखूड म्हणून कोपरापर्यंत हात घालून. पंप भरून दिला आणि बांधावर बसून तिनं तंबाखू मळली. डाव्या तळहातावर चुना, तंबाखू, अंगठ्यानं घासून घासून, आणि दाढेखाली धरली. पुन्हा पंप, पुन्हा तंबाखू. असं सकाळपासून पाच-सहा वेळा झालं.

“सासऱ्याले मालूम नाही, मी खातो म्हनून,” ती म्हणाली. “म्हनून कोनापाशी बोलली नाही. तुमी डाक्टर हा, तुमाले सांगतलं.”

मी तिचा डावा तळहात पाहिला. चुन्यानं चिरलेला होता, आणि घासून घासून मधलं कातडं पातळ पडलेलं. अशा कातडीतून आणि दाढेखालून विष किती सहज आत जातं, हे मला समजायला पुस्तक उघडायची गरज नव्हती. ती खरं बोलत होती. सिस्टरचंही खरं होतं. बाई प्यालेली नव्हती, आणि माझ्या पहिल्या रकान्यात ती बसत नव्हती.

“तुम्हाला काय फरक पडतो?” मी विचारलं. “बऱ्या झालात ना?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडा. मग समजावून सांगितलं. तिची सहा वर्षांची मुलगी सासरी होती. सासऱ्यानं दिराच्या हाती निरोप धाडला होता की प्यालेली बाई घरात पाऊल टाकणार नाही. गावात बोट घरावर येतं, पोलीस घरच्यांना विचारतात, धाकट्या दिराचं लग्न जमायचं आहे. पोरगी आमची, ती आमच्याकडे राहील, बाईनं माहेरी जावं. ती पडली तेव्हा नवरा वावराच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि बापापुढं तो तोंड उघडणारा नव्हता. तंबाखूसाठी सासरा शिव्या देईल, पण घरातून काढणार नाही. “कागदावर खरं लिवून द्या,” ती म्हणाली. “तो कागदाले मानते.”

एक शब्द खोडून चार शब्द लिहायचे होते. मी म्हटलं, सरांना विचारून सांगतो.

सरांना मी विचारलंही. प्रश्न कसा मांडायचा हे त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि मी तो असा मांडला की मला हवं तेच उत्तर यावं. “सर, तोंडावाटे विष गेलंय, पण नेमकं किती गेलं ते सांगता येत नसेल, तर ती केस घ्यायची का?” ती प्यालेली नाही, हे मी बोललो नाही. सर राउंडच्या गडबडीत होते. “किती गेलं ते कोनाचं मालूम असते?” ते म्हणाले. “घे.” मी त्यांचा हा एक शब्द खिशात घालून निघालो. खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिला यादीतून काढलं असतं आणि मला फाडून खाल्लं असतं, याची मला आजही खात्री आहे.

सुटीच्या कार्डावर मी केसपेपरवरचा शब्द जसाच्या तसा उतरवला. कार्ड दिरानं घेतलं, वाचलं आणि तिच्यापुढं धरलं. “डाक्टरनंच लिवलं हाय, वयनी. आता काय बोलता?” तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी शेजारच्या पलंगावरच्या माणसाची नाडी पाहू लागलो. त्याची नाडी मी दहाच मिनिटांपूर्वी पाहिली होती.

इथं गोष्ट संपली असती तर मीही ती विसरलो असतो. पण सरांच्या चौथ्या रकान्यात एक अट होती. तीस दिवसांनी प्रत्येक रुग्णाला पुन्हा डोळ्यांनी पाहायचं. हातापायांची ताकद, चाल, सगळं तपासायचं. बाकीचे दवाखान्यात येऊन गेले, ती आली नाही. म्हणून मी एसटीनं तेल्हाऱ्याला आणि तिथून काळीपिवळी जीपनं तिच्या सासरी गेलो. वावरांत कापूस फुटला होता. ओसरीवर सासू सरकी निवडत होती. सून इथं राहत नाही, एवढंच तिनं सांगितलं. दारात एक मुलगी उभी होती, केस विंचरलेले नव्हते. माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप पाहून तिनं विचारलं, “माही माय तुमच्याकडं हाय काय?” मी नाही म्हटलं आणि माहेरच्या गावाचा रस्ता विचारला.

माहेरी ती अंगणात होती. मला पाहून उठली नाही. मी तपासणीसाठी आलोय म्हटल्यावर तिनं विचारलं, कशाले? मी काहीबाही सांगितलं, तुमच्या तब्येतीसाठी वगैरे. ती हुशार होती. माझ्या हातातल्या फॉर्मवर तिनं नजर टाकली आणि तिच्या ध्यानात आलं की या वेळी गरज माझी आहे.

“तुमाले मी पायजे,” ती म्हणाली, “अन् मले कागद पायजे. पहिले लिवा, मंग पाहा.”

मी शब्द दिला. नुसता नाही दिला, छातीवर हात ठेवून दिला. मग ती उठली. मी सांगितलं तशी चालली, टाचांवर चालली, उकिडवी बसून उठली, माझी बोटं तिनं घट्ट दाबून दाखवली. तिची म्हातारी आई कौतुकानं पाहत होती. डॉक्टर एवढ्या लांबून लेकीला पाहायला आला म्हणून तिनं चहात जास्तीचं दूध घातलं. मी फॉर्म भरला, घडी करून बॅगेत ठेवला. मग म्हटलं, कागदावर शिक्का लागतो, शिक्का अकोल्यात आहे, पुढच्या सोमवारी तुम्हीच या. शिक्का लागतो हे खरं होतं. पण तो माझ्या बॅगेतच होता.

परतीच्या बसमध्ये मी स्वतःला समजावलं. मी तसा कागद दिला असता आणि तो कोणी माझ्या प्रबंधाशेजारी ठेवला असता, तर एकाच बाईबद्दल माझ्याच हातच्या दोन गोष्टी निघाल्या असत्या. एवढा धोका कशाला पत्करायचा? घरची भांडणं आहेत, मिटतील. मला वाटलं होतं की ती येणारच नाही.

सोमवारी दहा वाजता ती आली. सिस्टरनी वर येऊन सांगितलं. मी अहवाल लिहायच्या खोलीत होतो, पहिल्या मजल्यावर, खिडकी बाहेरच्या बाकांवर उघडणारी. मी म्हटलं, डॉक्टर सुटीवर आहेत म्हणून सांगा. सिस्टर खाली गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, “ती म्हने, बसतो. दुसरा डाक्टर शिक्का मारत असन त चालते म्हने.”

“दुसरा कोणी मारणार नाही,” मी म्हटलं.

बारा वाजता त्या तिसऱ्यांदा आल्या. या वेळी दार लावून घेतलं. “साहेब, तिनं सासऱ्याले संगं आनलं हाय. म्हातारा म्हनते, कागद नसन त नसो, डाक्टरनं तोंडानं एक डाव सांगावं, पेली नाही म्हनून. मी आताच्या आता दोघीले घरी नेतो म्हनते. पोरीलेही घेऊन आला हाय.” मग त्या हात जोडून म्हणाल्या, आणि अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली ती बाई माझ्यापुढं हात जोडत होती हे मला आजही सहन होत नाही, “अल्ला के वास्ते, खाली चला. एक त वाक्य बोलायचं हाय.”

मी म्हटलं, मला अहवाल पुरा करायचा आहे.

त्या गेल्यावर मी खिडकीपाशी गेलो. बाकावर ती बसली होती, मांडीवर मुलगी. मुलीचे केस तिनं तिथंच बसून विंचरले असावेत, दोन वेण्या घातलेल्या दिसत होत्या. सासरा जरा अंतर ठेवून बसला होता, पांढरं धोतर, मांडीवर टोपी. मधूनमधून तो दाराकडं पाहत होता. त्या म्हाताऱ्याचा मला राग यायला हवा होता, पण त्याचं वागणं माझ्यापेक्षा बरं होतं. तो खरं काय ते विचारायला इतक्या लांबून आला होता.

तीनच्या सुमाराला तो उठला, टोपी घातली. तिच्याशी काही बोलला. ती वर हात करून दवाखान्याकडं दाखवत होती, थांबा म्हणत असावी. त्यानं मान हलवली, मुलीचा दंड धरला आणि तिला आईच्या मांडीवरून उतरवलं. मुलीनं आईचा पदर धरला होता. तो त्यानं तिच्या मुठीतून सोडवला, एकेक बोट मोकळं करून, सावकाश. मग दोघं फाटकाकडं चालू लागले. मुलीनं मागं वळून पाहिलं की नाही, हे मला सांगता येणार नाही. तेव्हा मी खिडकीतून बाजूला झालो होतो. म्हाताऱ्यानं चुकून वर पाहिलं असतं, तर मी त्याला दिसलो असतो.